व्हायरल लोड
एक मिलिलिटर प्लाझ्मामध्ये (रक्तातील पेशी वगळता उरणाऱ्या द्रवात) एचआयव्हीच्या आरएनएच्या, म्हणजे विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या, किती प्रती आहेत, हे सांगणारा आकडा म्हणजे व्हायरल लोड किंवा विषाणूभार. एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारे औषधोपचार) लागू पडते आहे की नाही, हे सर्वांत आधी याच आकड्यावरून कळते. औषध निष्प्रभ झाले तरी सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशी) घसरायला बरेचदा काही महिने जातात. विषाणूभार त्याआधीच वाढलेला असतो.

कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात उपचार मोफत आहेत. उपचार सुरू झाल्यावर ६ महिन्यांनी, १२ महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा चाचणी होते. उपाशीपोटी येण्याची गरज नाही.

रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) ट्यूबमध्येच घ्यावे. हेपॅरिन हेही रक्त गोठू देत नाही, पण त्यामुळे पीसीआर, म्हणजे आरएनए मोजण्याची प्रक्रिया, अडते. ट्यूब ८ ते १० वेळा हलकेच उलटसुलट करावी. कमी हलवली तर गुठळी होते, जोरात हलवली तर तांबड्या पेशी फुटतात. प्लाझ्मा शक्यतो ६ तासांत वेगळा करावा. अख्खे रक्त मात्र कधीही गोठवू नये, कारण फुटलेल्या पेशींतला विषाणूचा अंश मिसळून आकडा फुगतो.

आकडा १००० प्रती किंवा त्याहून जास्त आला की घाईने औषध बदलत नाहीत. आधी समुपदेशन, ३ महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत, मग फेरचाचणी. गोळी चुकण्यामागे बहुधा निष्काळजीपणा नसतो, अडचण असते. गळीत हंगामात जिल्ह्यात येणाऱ्या ऊसतोड मजुराचे केंद्र गावाकडे राहते. निघण्यापूर्वीच जादा महिन्यांचा साठा किंवा बदलीपत्र मागून घ्यावे. नियमित गोळी घेऊनही आकडा चढला, तर इतर औषधे विचारावीत. डोल्युटेग्रॅव्हिर हे एआरटीतले औषध अँटासिडच्या (आम्लपित्तावरील औषधाच्या) २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावे. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल, तर डोल्युटेग्रॅव्हिरचा ५० मिलिग्रॅमचा आणखी एक डोस १२ तासांनी लागतो.

४०० वरून ९०० झाले म्हणून घाबरू नये. तिपटीहून कमी फरक चाचणीच्या चढउतारातलाच असू शकतो; ताप किंवा नुकत्याच घेतलेल्या लसीनेही आकडा तात्पुरता वाढतो.

‘आढळला नाही’ असा अहवाल टिकून राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. विषाणू मात्र सीडी४ पेशींत दडून असतो आणि औषध थांबवल्यास बहुतेकांत काही आठवड्यांत परततो.

औषधांच्या चाचण्यांत यशाची रेषा सहसा ४८व्या आठवड्याला ५० प्रतींखाली धरतात. १००० ही उपचार अपयशी ठरतो आहे का, हे पाहण्याची रेषा आहे. दोन्हींवरून काढलेल्या यशस्वी रुग्णांच्या टक्केवाऱ्यांची परस्पर तुलना करता येत नाही.