सहमालक जोडला म्हणजे फ्लो सुरक्षित झाला?

पणजी-म्हापशाच्या कार्यालयांत एक समजूत रूढ आहे: मायक्रोसॉफ्ट पॉवर ऑटोमेट या सॉफ्टवेअरमधील फ्लोला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळीला, सहमालक जोडून ठेवला, की तो तयार करणारा कर्मचारी नोकरी सोडून गेला तरी काम अखंड चालते. ही समजूत चुकीची आहे. सहमालकाला फ्लो बदलता किंवा थांबवता येतो, हे खरे. परंतु फ्लोमधील पायऱ्या ज्या कनेक्शनांवर (ईमेलसारख्या सेवांशी खात्यातून केलेल्या जोडण्यांवर) चालतात, ती ज्याने लॉगिन करून उभारली त्याच्याच नावावर राहतात आणि त्यांचे लॉगिन सहमालकाला बदलता येत नाही. दुकानाची चावी हाती आली म्हणून वीजजोडणी आपल्या नावावर होत नाही, तसेच हे. त्यामुळे जुने खाते बंद झाले, की वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याची बिल-मंजुरीची ईमेल थांबू शकतात, आणि दोष मात्र बिचाऱ्या इंटरनेटला दिला जातो.

सोल्यूशनमधील (फ्लो वगैरे एकत्र ठेवणाऱ्या गठ्ठ्यातील) फ्लोचा मालक बदलता येतो, पण तेवढ्याने कनेक्शन बदलत नाही. म्हणून खाते बंद होण्यापूर्वीच फ्लो संपादित करून प्रत्येक पायरीला सहमालकाचे, किंवा माझ्या मते त्याहून बरे म्हणजे कार्यालयाच्या सामायिक सेवाखात्याचे, कनेक्शन जोडावे. गूगल शीटचेही तेच: फाइलची मालकी दुसऱ्याकडे दिली, तरी अ‍ॅप्स स्क्रिप्टचा इन्स्टॉलेबल ट्रिगर (शीटला जोडलेला कोड आपोआप सुरू करणारी कळ) तो बसवणाऱ्याच्याच खात्यावर चालतो.