सूर्याचा वेग आणि दिल्लीत ठरलेला आकडा

सूर्यमाला आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला 220 किलोमीटर वेगाने फिरते, असं जुन्या पुस्तकांत असतं. हल्ली कुठे 230 तर कुठे 250 वाचायला मिळतं. सूर्य काही घाईला आलेला नाही. घोळ आकड्यातच आहे, आणि तो बराच जुना आहे.

तारे जागचे हलतात हे 1718 मध्ये लक्षात आलं. ग्रीक यादीशी ताडून पाहिल्यावर व्याध, स्वाती आणि रोहिणी सरकलेले निघाले. 1783 मध्ये मोजक्याच ताऱ्यांवरून सूर्य शौरी तारकासमूहाकडे चालल्याचं सांगितलं गेलं. ती दिशा आजही फारशी चुकलेली नाही. मात्र ही चाल शेजारच्या ताऱ्यांच्या मानाने, सेकंदाला जेमतेम 20 किलोमीटरची. आपण केंद्रापासून लांब आहोत हे 1918 मध्ये गोलाकार तारकागुच्छांच्या मांडणीवरून कळलं आणि 1927 पर्यंत आकाशगंगेचं फिरणंही सिद्ध झालं.

1960 च्या दशकात केंद्राचं अंतर सुमारे 32,600 प्रकाशवर्षं आणि वेग 250 किलोमीटर असा आकडा सर्वमान्य झाला. पुढे अंतराची मोजमापं कमी येऊ लागली. जो तो आपापला आकडा वापरू लागला, त्यामुळे एकाचा नकाशा दुसऱ्याशी जुळेना. शेवटी नोव्हेंबर 1985 मध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ दिल्लीत जमले असताना नवी जोडी ठरली: 27,700 प्रकाशवर्षं आणि 220 किलोमीटर. ही काही नवी मोजणी नव्हती. प्रसिद्ध झालेल्या मोजमापांची सरासरी काढली, ती 222 आली, अनिश्चितता अधिक-उणे 20. मग सोयीचा गोल आकडा धरला. सगळ्यांनी एकच माप वापरावं एवढाच हेतू होता. पाठ्यपुस्तकांनी मात्र ती तडजोड निसर्गनियमासारखी छापली.

त्याहून मोठी गफलत म्हणजे तो आकडा सूर्याचा नव्हताच. तो होता ‘लोकल स्टँडर्ड ऑफ रेस्ट’चा, म्हणजे सूर्याच्या जागी असलेल्या आणि केंद्राभोवती अचूक वर्तुळात फिरणाऱ्या एका काल्पनिक बिंदूचा. दिंडी ठरल्या चालीने निघालेली असते, पण तिच्यातला एखादा वारकरी दोन पावलं पुढेच असतो. सूर्य तसा पुढे आहे. किती पुढे, हे ठरवणं अवघड, कारण दिंडीची चाल शेजाऱ्यांवरूनच काढायची आणि म्हातारे तारे हमखास मागे रेंगाळतात. शेजारी बदलले की उत्तर बदलतं. 1998 मध्ये उपग्रहाच्या मोजणीवरून सूर्य सुमारे 5 किलोमीटर पुढे निघाला, 2010 च्या फेरविचारात 12. भरीस भर म्हणून शेजारच्या ताऱ्यांच्या नुसत्या सरासरी चालीलाही ‘लोकल स्टँडर्ड ऑफ रेस्ट’ हेच नाव आहे. रेडिओ निरीक्षणांत अजून ती जुनी 20 किलोमीटरवाली चाल चालते. एका नावाखाली दोन गोष्टी राहू दिल्या, ही माझ्या मते 1985 च्या तडजोडीपेक्षा मोठी चूक.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या मध्यावर संध्याकाळी साडेसातला बाहेर उभं राहिलं की हे सगळं एका नजरेत येतं. नैर्ऋत्येला कललेल्या धनूत केंद्र. उत्तरेला उंच हंस तारकासमूह, आपली फेरी साधारण त्या रोखाने. वायव्येकडे झुकलेला अभिजित तारा आणि त्याच्याखाली शौरी, म्हणजे शेजाऱ्यांच्या मानाने आपली चाल. दोन दिशा, दोन वेग, दोन्ही बरोबर.

केंद्रातल्या कृष्णविवराजवळचा रेडिओस्रोत दूरच्या क्वासारांसमोर (म्हणजे फार लांबच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांसमोर) सरकताना दिसू लागल्यावर त्या काल्पनिक बिंदूची गरजच उरली नाही. तो वर्षाला अंशाच्या 36 लाखाव्या भागाच्या 6.4 पट सरकतो, आणि हे सरकणं जवळजवळ सगळं आपल्या फिरण्यामुळे दिसतं. 2019 च्या सुमारास केंद्राचं अंतर 26,700 प्रकाशवर्षं असं पक्कं झालं. दोन्ही जुळवले की सूर्याचा स्वतःचा वेग येतो सुमारे 248 किलोमीटर. त्यातून ते 12 वजा करा, उरतात 236. दिल्लीत टाकून दिलेले 250 सूर्याला तरी बरे लागू पडतात!

डिसेंबर 2020 मध्ये सुमारे 16 लाख क्वासारांच्या किंचितशा सरकण्यातून सूर्यमालेचा वळणारा मार्गही मोजला गेला. आपला वेग दर वर्षी सेकंदाला 7 मिलिमीटर इतकाच बदलतो, आणि तोही धनूच्या दिशेने.