आपल्या टेबलावरचे काम, आमच्या अंकाची पाने
(संगणक-छंदाच्या नव्या द्वैमासिकासाठी लेखक हवेत : ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

संगणकाचे सुटे भाग, लहान सर्किट बोर्ड आणि घरी जुळवायचे संच आम्ही विकतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. आता संगणकाचा छंद जोपासणाऱ्यांसाठी एक छापील द्वैमासिक काढण्याचे आम्ही ठरवले आहे. त्यात लिहिणारी माणसे कोठून मिळवायची, या प्रश्नावर बराच विचार केल्यानंतर आमच्या लक्षात आले की उत्तर आमच्याच दप्तरात आहे. विक्रीनंतर ग्राहकांकडून येणारी पत्रे आम्ही जपून ठेवतो, आणि त्यांतल्या कित्येक पत्रांत छापण्याजोगा मजकूर आधीच लिहिलेला आहे. म्हणूनच हे पत्रक आपल्या पार्सलमध्ये घातले आहे.

दोन पत्रे आणि एक लेख

काही महिन्यांपूर्वी एका ग्राहकांनी कळवले की आमच्याकडून घेतलेला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर साध्या खोलीत ठेवलेला असतानाही मधूनच ८५ अंश सेल्सिअस दाखवतो, तेव्हा तो बदलून मिळावा. आम्ही नवा सेन्सर पाठवायची तयारी केली होती, तोच त्यांचे दुसरे पत्र आले. प्रत्येक वाचनाची वेळ ते एका वहीत टिपून ठेवत होते, आणि ती वही पुन्हा चाळताना त्यांना दिसले की ८५ हा आकडा केवळ वीजपुरवठा सुरू केल्यानंतरच्या पहिल्या वाचनात येतो. मग त्यांनी डेटाशीट, म्हणजे चिप बनवणाऱ्यांचे तांत्रिक माहितीपत्रक, उघडले. वीज मिळताच या चिपच्या तापमानाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे मोजलेला आकडा साठवण्याच्या जागेत, अधिक ८५ हेच मूल्य असते, आणि १२ बिटांच्या सूक्ष्मतेने तापमान मोजून ते मूल्य बदलायला चिपला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. त्यांचा प्रोग्राम मोजणीची आज्ञा दिल्यानंतर फक्त १०० मिलिसेकंद थांबत होता. त्यापुढची वाचने त्यांना बरोबर वाटत होती, पण तीही खरे तर आधीच्या मोजणीची होती. खोलीचे तापमान सावकाश बदलत असल्यामुळे ही चूक कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

या दोन पत्रांत एक संपूर्ण लेख आहे. त्यात चुकलेला तर्क आहे, पुरावा म्हणून वही आहे, मूळ कागदपत्राचा आधार आहे आणि वाचणाऱ्याने आपल्या घरी करून पाहावी अशी दुरुस्ती आहे. पत्र पाठवणाऱ्यांना मात्र आपण लेख लिहिला, असे मुळीच वाटले नव्हते. उलट उगाच तक्रार केल्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली होती. आम्हाला अगदी असेच लेखक हवे आहेत. ज्यांनी वस्तू स्वतः केली, जे मध्ये कोठेतरी अडले आणि ज्यांनी तो अडथळा कसा दूर केला हे टिपून ठेवले, त्यांचे लेखन आम्हाला कसलेल्या लेखकाच्या ऐकीव माहितीपेक्षा कितीतरी मोलाचे वाटते.

वाचकच लेखक झाले, हा या छंदाचा इतिहास आहे

आमची ही कल्पना नवी नाही. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० हा जुळवायचा संगणक झळकला आणि घरोघरी संगणक बांधू पाहणाऱ्यांचा एक वर्ग अमेरिकेत उभा राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘बाइट’ हे मासिक सुरू झाले. त्या काळी प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवत असत, पण प्रत्येकाची पद्धत वेगळी असल्यामुळे एकाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नसे. ‘बाइट’ने नोव्हेंबर १९७५ मध्ये कॅन्सस सिटी येथे या विषयात काम करणाऱ्यांची बैठक बोलावली आणि तिच्यातून एक सामाईक पद्धत ठरली : शून्यासाठी १२०० हर्ट्झची चार आवर्तने, एकासाठी २४०० हर्ट्झची आठ आवर्तने, आणि वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला ३०० बिट. मासिकाने माणसे एकत्र आणल्यामुळे छंदातली एक खरीखुरी अडचण सुटली, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते.

आमच्या मनात असलेल्या कामाला याहूनही जवळचे उदाहरण ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’चे आहे. कॅलिफोर्नियातील ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’ या संस्थेच्या वार्तापत्रात डेनिस ॲलिसन यांनी अगदी थोड्या मेमरीत बसेल अशा ‘टायनी बेसिक’ या प्रोग्रामिंगच्या भाषेचा आराखडा मांडला आणि वाचकांनी तो आपापल्या यंत्रावर उतरवून पाहावा, असे सुचवले. टेक्सासमधील टायलर गावातून डिक व्हिपल आणि जॉन अर्नोल्ड यांनी आपली आवृत्ती तयार करून पाठवली. अशा मजकुराला जागा मिळावी म्हणून जानेवारी १९७६ मध्ये हे नवे नियतकालिक निघाले. ते केवळ तीन अंकांपुरते योजले होते. प्रत्यक्षात तीन दशकांहून अधिक काळ ते छापील रूपात चालले. अलीकडचे उदाहरण द्यायचे तर रास्पबेरी पाय हा लहान संगणक फेब्रुवारी २०१२ मध्ये बाजारात आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्याविषयीच्या ‘मॅगपाय’ या मासिकाचा पहिला अंक निघाला, तोही वापरणाऱ्यांनीच, स्वयंसेवेने काढलेला.

कोणी लिहावे

सोल्डरिंग करणाऱ्यांनी लिहावेच, पण केवळ त्यांनीच लिहावे असे नाही. जुन्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्यांचे लेख आम्हाला विशेष हवे आहेत, कारण मदरबोर्डावरची निकेल-कॅडमियमची बॅटरी गळून तांब्याच्या रेषा कशा खाल्ल्या जातात आणि त्या पुन्हा कशा जोडायच्या, हे ज्याने भिंगाखाली पाहिले आहे तोच नीट सांगू शकतो. ज्यांनी आपल्या कामापुरती एखादी लहान स्क्रिप्ट लिहिली, ज्यांनी मुलांना प्रोग्रामिंग शिकवताना कोणता धडा फसला हे पाहिले, ज्यांनी घरातल्या जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर केला, त्यांनीही लिहावे. वय, पदवी किंवा पूर्वीचे प्रसिद्ध लेखन यांची आम्ही चौकशी करणार नाही.

लिहिण्याची आवड नसलेल्यांसाठीही एक महत्त्वाचे काम आहे, आणि खरे सांगायचे तर अशी माणसे मिळणे लेखक मिळण्यापेक्षा अवघड आहे. प्रत्येक लेखातली जुळणी छापण्यापूर्वी लेखकाव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीतरी, लेखकाला काहीही न विचारता, केवळ मजकूर वाचून करून पाहावी, असा आमचा नियम राहील. लेखकाच्या हातांना सवयीचे झालेले एखादे पाऊल लिहायचे राहून जाते, आणि ते त्याला स्वतःला कधीच दिसत नाही. एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरची इको पिन, म्हणजे मोजणीचे उत्तर बाहेर देणारी पिन, ५ व्होल्टचा संकेत देते, तर रास्पबेरी पायच्या पिना फक्त ३.३ व्होल्ट सोसतात. मध्ये १ आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज उतरवावे लागते, हे एक वाक्य लेखातून गळले तर वाचकाचा बोर्ड जळू शकतो. असे गळलेले वाक्य पकडणाऱ्याचे नाव लेखकाच्या नावाखाली छापले जाईल.

मजकूर आणि आकृत्या कशा असाव्यात

लेख साधारण ८०० ते १५०० शब्दांचा असावा, परंतु एखादी छोटी युक्ती १५० शब्दांत संपत असेल तर ती ताणू नये. आपण काय करू पाहत होता, कोणते भाग वापरले, कोठे अडलात आणि शेवटी काय मोजले, एवढे लेखात आले पाहिजे. शब्दांच्या बाबतीत आमचा आग्रह इतकाच आहे की कामाच्या टेबलावर आपण जो शब्द बोलता तोच लिहावा. रजिस्टर, पोर्ट, लूप, ब्रेडबोर्ड हे शब्द वाचकांच्या तोंडी आहेत. त्यांच्यासाठी घडवलेले जड प्रतिशब्द वाचताना वाचक अडखळतो.

आकृत्यांतील आकड्यांविषयी मात्र आम्ही काटेकोर राहणार आहोत. वर सांगितलेल्या तापमानाच्या सेन्सरच्या डेटा तारेवर ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर, म्हणजे तारेला वीजपुरवठ्याच्या व्होल्टेजकडे वर ओढून धरणारा रेझिस्टर, लागतो. छपाईत किंवा झेरॉक्समध्ये मधला टिंब उडाला की त्याचे ४७ होतात. तेवढ्या मोठ्या रेझिस्टरमुळे तारेवरचा संकेत सावकाश वर चढतो आणि तार लांब असेल तर सेन्सर उत्तर देईनासा होतो. वाचक बिचारा सेन्सरला दोष देत बसतो. म्हणून आकृतीत हे मूल्य ‘४के७’ असे, म्हणजे टिंबाच्या जागी एककाचे अक्षर घालून लिहावे. ही पद्धत आयईसी ६००६२ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे आणि ती कितीही पुसट छपाईत टिकते.

प्रोग्राम लेखाच्या मजकुरात चिकटवू नये, तो वेगळ्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पाठवावा. वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करतो आणि मग तोच प्रोग्राम कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन, नाकारतो. पायथॉनमध्ये तर ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा हलली तरी अर्थ बदलतो. छापील स्तंभात मोडू नये म्हणून एका ओळीत ६० पेक्षा जास्त अक्षरे नसावीत. पूर्वी वाचक मासिकांतले प्रोग्राम स्वतः टाइप करून घेत, आणि एखाद्या अक्षराच्या चुकीने रात्र वाया जाई. त्यावर उपाय म्हणून ‘कॉम्प्यूट!’ मासिकाच्या प्रकाशकांनी १९८३ मध्ये प्रत्येक ओळीतल्या अक्षरांच्या सांकेतिक आकड्यांची बेरीज ताडून पाहणारा एक छोटा प्रोग्राम दिला होता. आम्ही फाइल उतरवून घेण्याची सोय देऊच, पण छापलेली प्रतही अक्षरशः बरोबर असावी, अशी आमची इच्छा आहे.

छायाचित्र दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढावे आणि मूळ फाइलच पाठवावी. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे १० सेंटिमीटर रुंद चित्रासाठी साधारण १२०० पिक्सेल रुंदीची फाइल हवी. निरोपाच्या ॲपमधून आलेली चित्रे दाबून लहान झालेली असतात, त्यामुळे ती बहुधा उपयोगी पडत नाहीत.

घरगुती विजेच्या मेन्सशी उघडी जोडणी करणारे प्रयोग आम्ही छापणार नाही, मग ते कितीही चांगले असोत. तयार मजकूर लिहून देणाऱ्या साधनांची मदत घेतली असेल तर तसे कळवावे. भाषा सुधारून घेण्याला आमची हरकत नाही, परंतु मोजमापे, चुका आणि छायाचित्रे आपलीच असली पाहिजेत.

हक्क आणि मानधन

लेखाचा कॉपीराइट आपल्याकडेच राहील. आम्ही फक्त प्रथम प्रकाशनाचा हक्क मागतो, आणि अंक निघाल्यानंतर तीन महिन्यांनी आपण तो लेख कोठेही पुन्हा प्रसिद्ध करू शकता. प्रोग्राम कोणत्या परवान्याखाली द्यायचा ते आपणच ठरवावे आणि फाइलच्या पहिल्या ओळीत लिहावे. दुसऱ्याचा कोड वापरला असेल तर त्याचा परवानाही सोबत नोंदवावा. मानधनाची रक्कम लेख स्वीकारतानाच लेखी कळवली जाईल आणि ती छपाईनंतर नव्हे, तर स्वीकारानंतर दिली जाईल. लेखात आमच्याकडच्या मालाचे दोष आले तर ते आम्ही कापणार नाही. दुसऱ्या कोणाकडून घेतलेले भाग वापरले असतील तरी हरकत नाही, कारण हा अंक आमच्या मालाची सूची म्हणून आम्ही काढत नाही.

सुरुवात कशी करावी

संपूर्ण लेख लिहून पाठवण्याची घाई करू नये. आपण काय केले आणि कोठे अडलात, हे अर्ध्या पानात लिहून, कामाच्या एका छायाचित्रासह, आपल्या पावतीवर छापलेल्या पत्त्यावर किंवा ई-मेलवर पाठवावे. विषयाच्या जागी ‘अंकासाठी’ असे लिहावे. तीन आठवड्यांच्या आत आम्ही उत्तर देऊ, आणि विषय नाकारला तरी कारण कळवू. लिहिताना अडचण वाटत असेल तर तसे सांगावे. आमच्यापैकी कोणीतरी दूरध्वनीवर आपल्याशी बोलून टिपणे घेईल आणि मसुदा आपल्या मान्यतेसाठी परत पाठवील. जुळणी तपासण्याचे काम करू इच्छिणाऱ्यांनी आपल्याकडे कोणता मल्टिमीटर, कोणते बोर्ड आणि किती मोकळा वेळ आहे एवढे कळवावे. तपासणीसाठी लागणारे भाग आम्ही पाठवू आणि ते आपल्याकडेच राहतील.