इनामगावची शिरोहीन देवी

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. या गावाजवळच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या या कामातून ताम्रपाषाण युगातील, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातील, एक अख्खे खेडे उजेडात आले. सव्वाशेहून अधिक घरे, चुली, बळदे, आणि जमिनीखालची दोनशेहून अधिक दफने तेथे सापडली. त्यांतील जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या आरंभीच्या टप्प्यातील, म्हणजे इ.स.पू. १४०० ते १००० या दरम्यानच्या एका घराच्या कोपऱ्यात, चोपलेल्या जमिनीखाली मातीची एक लंबगोल पेटी पुरलेली होती. या पेटीत आणि तिच्या झाकणावर मिळून कच्च्या मातीच्या तीन आकृती होत्या: डोके असलेली एक स्त्री, डोके नसलेली दुसरी स्त्री आणि एक बैल.

या आकृती दिसायला अगदी साध्या आहेत. ठसठशीत स्तन, हातापायांचा जेमतेम आभास, एवढ्यावरच घडवणाऱ्याने काम थांबवले आहे. पण शिरोहीन स्त्रीच्या पोटाला एक छिद्र आहे आणि बैलाच्या पाठीवरही तसेच छिद्र आहे. दोन्हींतून एक बारीक काडी घातली की ती स्त्री बैलावर आरूढ होते. हाताच्या पंज्यात मावणारी ही माती कोणीतरी विचारपूर्वक जोडणीसाठी घडवली होती, आणि काम झाल्यावर सारे पेटीसह पुरले होते. डोके तुटून पडलेले नाही, ते मुळात घडवलेलेच नाही, हेही येथे ध्यानात घ्यायला हवे.

आणखी एक बाब मला फार बोलकी वाटते. इनामगावचे कुंभार उत्तम होते. जोर्वे संस्कृतीची लाल, काळ्या नक्षीची, वाजवली तर खणखणणारी भांडी भट्टीत चांगल्या तापमानाला भाजलेली आहेत. म्हणजे भाजण्याची कला हातात असूनही या मूर्ती मुद्दाम कच्च्या ठेवल्या गेल्या. न भाजलेली माती पाण्यात विरघळते, पावसाळ्यात टिकत नाही. ती थोड्या दिवसांच्या विधीसाठीच योग्य असते. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या किंवा पार्थिव गणपती विसर्जन करणाऱ्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पेटी जमिनीखाली कोरडी राहिली, म्हणूनच तीन हजार वर्षांनी ती आपल्या हाती आली. अशा किती मूर्ती घोड नदीत विरघळून गेल्या असतील, याची मोजदाद करणे शक्य नाही.

कच्च्या मातीचे वय ठरवायचे तरी कसे, असा प्रश्न पडेल. भाजलेल्या मातीतील स्फटिकांत साठलेली ऊर्जा मोजून तिचे वय काढता येते, कारण भाजताना ते घड्याळ शून्यावर येते. न भाजलेल्या मूर्तीबाबत ती सोय नाही. म्हणून ज्या थरात मूर्ती सापडली, त्याच थरातील कोळसा किंवा जळके धान्य तपासतात. त्यातील कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो, आणि उरलेल्या प्रमाणावरून काळ निघतो. अर्थात त्यासाठी खड्डा कोणत्या जमिनीवरून खणला गेला, हे उत्खनन करणाऱ्याने अचूक नोंदवलेले असावे लागते. मूर्तीइतकीच तिच्याभोवतीची माती महत्त्वाची असते. शेतात नांगराला लागून वर आलेली तशीच मूर्ती आपल्याला याच्या निम्मेही सांगू शकली नसती.

ढवळीकरांनी या शिरोहीन देवीचा संबंध महाभारतातील विशिरा या मातृदेवतेशी आणि मुलांच्या रक्षणाशी जोडला. पुढे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि दख्खनमधील इतर स्थळी लज्जागौरी ही देवी दिसते, जिला डोक्याच्या जागी कमळ असते. या दोन्ही देवी एकाच परंपरेच्या आहेत असे मानण्याचा मोह होतो. परंतु इनामगावची वस्ती इ.स.पू. ७०० च्या सुमारास उठली, आणि लज्जागौरी त्यानंतर कित्येक शतकांनी येते. मधली साखळी हाती लागेपर्यंत साम्य मान्य करावे आणि वारसा सिद्ध झाला असे म्हणू नये, हेच मला योग्य वाटते.

हा सावधपणा आपल्या पुरातत्त्वाने काही ठेचा खाऊन शिकला आहे. उत्तर प्रदेशातील बेलन खोऱ्यात लोहंदा नाल्यापाशी मिळालेली हाडाची एक वस्तू पुराश्मयुगातील, म्हणजे जुन्या दगडी हत्यारांच्या काळातील, मातृदेवता म्हणून पाठ्यपुस्तकांत गेली; नंतर वि. श्री. वाकणकर आणि रॉबर्ट बेडनारिक या संशोधकांनी ती झिजलेला, काटेरी दातांचा मासेमारीचा भाला असल्याचे म्हटले. हडप्पा संस्कृतीच्या बाबतीतही असेच घडले. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथे पंख्यासारखे शिरोभूषण घातलेल्या, गळ्यात माळा ल्यालेल्या स्त्रीमूर्ती मोठ्या संख्येने मिळाल्या, आणि पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी १९३१ मध्ये त्यांना महामातेची रूपे मानले. काहींच्या शिरोभूषणाच्या दोन्ही बाजूंना वाटीसारखे खळगे आहेत आणि त्यांत काजळीचे डाग दिसतात, म्हणजे तेथे दिवा किंवा धूप जळत असावा. हा पूजेकडे नेणारा पुरावा आहे. परंतु याच संस्कृतीच्या लोथल आणि कालीबंगा येथे अशा मूर्ती जवळपास नाहीत. सगळ्या सिंधू प्रदेशाची एकच देवी होती, हे म्हणणे त्यामुळे लंगडे पडते. हडप्पाच्या एका मुद्रेवर मात्र उलटी, पाय फाकलेली स्त्री असून तिच्या गर्भातून रोप उगवलेले आहे. घटस्थापनेच्या मातीत धान्य पेरून नऊ दिवस अंकुर जपणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ती मुद्रा पाहताच ओळखीची वाटते. तरी ही ओळख आपल्या मनातली आहे, तिला पुराव्याचा दर्जा देता येत नाही.

मध्य प्रदेशातील सिधी जिल्ह्यात, शोण नदीच्या खोऱ्यातील बाघोर येथे मात्र कथा वेगळी आहे. पुरातत्त्वज्ञ जी. आर. शर्मा आणि जे. डेस्मंड क्लार्क यांच्या पथकाला तेथे दगडगोट्यांचा सुमारे ८५ सेंटिमीटर व्यासाचा ओटा आणि एकात एक त्रिकोणी वलये असलेला नैसर्गिक दगड मिळाला. त्याचा काळ इ.स.पू. ९००० ते ८००० असा मांडला गेला. आजूबाजूचे कोल आणि बैगा लोक अगदी तसेच दगड ओट्यावर ठेवून माई म्हणून पूजतात, हे तेथेच दिसून आले. आपल्याकडील शेंदूर फासलेला तांदळा याच जातीचा: त्याला हात नाहीत, पाय नाहीत, घडणही नाही. संशोधकांनी तरीही आपल्या लेखाच्या मथळ्यात, हे देवस्थान आहे का, असे प्रश्नचिन्ह ठेवले. त्या प्रश्नचिन्हाबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता पुन्हा इनामगावच्या घरात येऊ. ज्या जमिनीखाली देवीची पेटी होती, तशाच जमिनींखाली लहान मुलांची दफने आहेत. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आणि आत इवलीशी हाडे. प्रौढांना खड्ड्यात पुरत आणि त्यांचे पाय घोट्यापासून तोडत. मुलांसाठी मात्र हे कुंभ, आणि तेही घरातच, चुलीपासून काही पावलांवर. मृतांमध्ये मुलांचे प्रमाण मोठे आहे. मुलाच्या पाचवीला सटवाई पुजणाऱ्या समाजाला या कुंभांमागची भीती समजेल. त्या पेटीतल्या देवीपुढे कोणते शब्द उच्चारले गेले ते मातीत राहिले नाहीत, पण ज्या घरात ती पुरली गेली त्या घरातल्या बाईला मूल जगण्याची काळजी होती, एवढे ते कुंभ सांगतात.