वारसा-जतनासाठी शासकीय साहाय्य

जुन्या वास्तू, वसाहती, कागदपत्रे आणि गावोगावची स्मृतिस्थळे टिकवण्यासाठी शासन पैसा, करसवलत, तांत्रिक सल्ला किंवा कायद्याचे संरक्षण देते. ह्या सगळ्याचा ‘वारसा-जतनासाठी शासकीय साहाय्य’ ह्या संज्ञेत समावेश होतो. वास्तूचे नाव संरक्षित यादीत लागले म्हणजे दुरुस्तीला पैसे मिळालेच, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात यादीमुळे मालकावर बंधने लगेच येतात, निधी मात्र स्वतंत्रपणे मागावा लागतो.

फ्रान्समध्ये याद्या करण्याची सुरुवात पैशांच्या वाटपातूनच झाली. तेथे 1830 मध्ये ऐतिहासिक स्मारकांच्या निरीक्षकाचे पद निर्माण झाले आणि 1834 मध्ये लेखक प्रॉस्पेर मेरीमे त्या पदावर आला. 1840 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या यादीत सुमारे एक हजार वास्तू होत्या. सरकारी मदतीची गरज कोणाला आहे, हे ठरवणे हाच तिचा हेतू. त्याच वर्षी वेझले येथील मठाच्या चर्चचे काम व्हिओले-ल-द्यूक ह्या सव्वीस वर्षांच्या वास्तुविशारदाकडे सोपवले गेले. त्याने पुढे अनेक वास्तू पडझडीतून वाचवल्या. पण काही ठिकाणी मूळ कधीच नव्हते तेही बांधून टाकले. अशा अतिउत्साही जीर्णोद्धाराविरुद्ध इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने 1877 मध्ये संस्था काढली. स्मारकांच्या जतनाविषयीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने तर, जिथे अंदाज बांधणे सुरू होते तिथे पुनर्स्थापन थांबले पाहिजे, असा दंडकच घातला. आजच्या अनुदानांना जोडलेल्या पुष्कळ अटी ह्या वादातून आलेल्या आहेत. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा नको, हा आग्रह मालकाला जाचक वाटतो. पण सिमेंटखाली ओल कोंडून मूळची भिंत आतून भुसभुशीत होते.

अमेरिकेत न्यूयॉर्कचे पेनसिल्व्हेनिया स्थानक 1963 पासून पाडले जाऊ लागले. त्या धक्क्यानंतर 1966 चा ऐतिहासिक वारसा-जतनाचा राष्ट्रीय कायदा झाला. ह्या जतनासाठी 1976 मध्ये उभारलेल्या निधीत समुद्रातील तेल व वायूच्या उत्खननातून सरकारला मिळणाऱ्या उत्पन्नाचा वाटा येतो. एक न भरून येणारी संपत्ती खर्च होत असताना तिच्यातून दुसरी जपावी, ही कल्पना मोठी मार्मिक आहे. ही रक्कम घटक राज्यांच्या जतन-कार्यालयांकडे जाते आणि प्रत्येक राज्याला आपल्या वाट्यातील किमान 10 टक्के रक्कम मान्यताप्राप्त स्थानिक शासनांना द्यावी लागते.

रोख अनुदानापेक्षा मोठी उलाढाल करसवलतीतून होते. अमेरिकेत प्रमाणित ऐतिहासिक इमारतीच्या पुनर्वसन-खर्चाच्या 20 टक्के इतकी प्राप्तिकरातील वजावट मिळते, मात्र इमारत उत्पन्न देणारी हवी. त्यामुळे बंद पडलेल्या गिरण्या आणि गोदामे भाड्याची घरे व कचेऱ्या होऊन वाचतात. स्वतःच्या जुन्या घरात राहणाऱ्याला ह्या वजावटीचा काही उपयोग नाही. इटलीने 2014 मध्ये सार्वजनिक वारशासाठी देणगी देणाऱ्याला देणगीच्या 65 टक्के इतकी करसूट सुरू केली. ब्रिटनमध्ये 1994 पासून आणि फ्रान्समध्ये 2018 पासून सोडतीच्या पैशातील हिस्सा वारशाकडे वळवला जातो. तिजोरीतून काहीच न देता करण्याचा उपाय म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क: जुन्या इमारतीच्या जागेवर बांधता येत असूनही न बांधलेल्या क्षेत्रफळाचा हक्क मालकाने दुसऱ्या जागेसाठी विकायचा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या 1978 च्या खटल्यात ह्या हक्कांचा मुद्दा गाजला, आणि मुंबईच्या 1995 च्या वारसा-नियमावलीतही ही सोय आली.

स्थानिक प्रकल्पांचे घोडे बहुधा पैशाच्या रकमेपेक्षा पैसा देण्याच्या पद्धतीवर अडते. अनेक योजनांत आधी खर्च करायचा, मग पावत्या दाखवून प्रतिपूर्ती मागायची असते. शिवाय ठरावीक हिस्सा स्वतः उभा करावा लागतो. ज्यांच्याकडे लेखापाल आहे, त्यांना हे जमते. पडक्या वाचनालयासाठी धडपडणाऱ्या चार-सहा जणांच्या समितीची पहिल्या हप्त्यापूर्वीच दमछाक होते. श्रमदानाचे तास स्वहिस्सा म्हणून धरण्याची मुभा काही योजना देतात. छोट्या संस्थांना ती फार उपयोगी पडते.

दुसरा दोष जुना आहे. मोठ्या जीर्णोद्धाराला निधी मिळतो, उद्घाटनही होते. पन्हळी साफ करणे, सरकलेली कौले बसवणे ह्या किरकोळ डागडुजीला सहसा कोणी पैसे देत नाही. ह्यावर नेदरलँड्समध्ये 1973 मध्ये निघालेली मॉन्यूमेंटेनवाख्त ही सेवा लक्षणीय आहे. वास्तूचा मालक वर्गणी भरून सभासद होतो आणि प्रांतिक शासने सेवेच्या खर्चाला हातभार लावतात. कसबी निरीक्षक ठरावीक काळाने येऊन छपरापासून पायापर्यंत तपासणी करतात, छोटी दुरुस्ती जागच्या जागी उरकतात आणि उरलेल्या कामांचा निकडीप्रमाणे लावलेला अहवाल मालकाच्या हाती ठेवतात.