शिरस्त्राण, सायकल व मोपेडस्वारांचे

दुचाकीवरून पडताना डोक्याला बसणारा मार सौम्य करणारे साधन. रूढ नाव हेल्मेट.

इंग्लंडमधील ब्रुकलँड्स शर्यतमार्गावरील डॉक्टर एरिक गार्डनर यांनी १९१४ च्या सुमारास कॅनव्हास व लाखेचे शिरस्त्राण करवून घेतले, तेव्हापासून त्याचा इतिहास सांगण्याची पद्धत आहे. काही लेखक मात्र श्रेय मेंदुशल्यविशारद ह्यू केर्न्स यांना देतात. १९३५ मध्ये मोटारसायकल अपघातात जखमी झालेले ब्रिटिश लष्करी अधिकारी व लेखक टी. ई. लॉरेन्स यांच्या उपचारांसाठी केर्न्स यांना पाचारण केले होते आणि लॉरेन्स यांच्या मृत्यूनेच ते या विषयाकडे वळले, असे म्हणतात. तथापि मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवरील केर्न्स यांचा लेख १९४१ चा असून त्यामागे युद्धकाळात दगावणाऱ्या दुचाकीस्वारांची वाढती संख्या होती. हे कारण अधिक ग्राह्य दिसते. शिरस्त्राण घालूनही डोक्याला मार लागलेले अवघे ७ स्वार त्यांच्या पाहण्यात आले होते व ते सर्व वाचले. इतक्या तुटपुंज्या नोंदींवरही त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने संदेशवाहक स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले.

बाहेरचे कवच टणक असले तरी खरे काम अस्तराचे. पॉलिस्टायरिनचा फेस चुरडतो, डोके थांबायला काही मिलिमीटर जास्त मिळतात आणि मेंदूवरचा ताण उतरतो. चुरडलेला फेस पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराच्या आघातानंतर, वरून तडा दिसो वा न दिसो, शिरस्त्राण बाद समजतात. सायकलींसाठीच्या ईएन १०७८ या यूरोपीय मानकात ते सपाट पृष्ठावर सेकंदाला ५.४२ मी. वेगाने (ताशी सु. २० किमी.) आदळवतात, डोक्याच्या प्रतिकृतीतील प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या २५० पटींवर जाता कामा नये. ही चाचणी सरळ आघाताची आहे. प्रत्यक्षात स्वार बहुधा तिरका पडतो, डोके गर्रकन फिरते आणि मेंदूतील तंतू ताणले जातात. ए. एच. एस. होलबर्न यांनी १९४३ मध्येच हे मांडले होते. मानकांनी त्याची दखल फार उशिरा घेतली.

१९८९ च्या एका अमेरिकन अभ्यासात सायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा धोका ८५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. तो आकडा अजूनही उद्धृत होतो, पण २०१६ च्या, अनेक अभ्यासांच्या व्यापक संकलनातील अंदाज (सर्व दुखापतींत सु. निम्मी, गंभीर दुखापतींत सु. ६९ टक्के घट) जास्त विश्वासार्ह वाटतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सक्ती केल्यावर दुखापती घटल्या. त्यातला किती वाटा सायकली कमी चालवल्या गेल्याचा, यावर मतभेद आहेत.

मोपेडस्वारांची गणना बहुधा मोटारसायकलस्वारांतच होते. इटलीने २००० मध्ये सक्ती सर्व वयाच्या मोपेडस्वारांना लागू केली. नेदरलँड्समध्ये ताशी २५ किमी. मर्यादेच्या मोपेडींना असलेली शिरस्त्राणाची सवलत २०२३ च्या आरंभी संपली.