व्हिडिओ गेम कन्सोल आणि कंट्रोलर (मराठवाडा)

व्हिडिओ गेम कन्सोल : टीव्हीला जोडून हातातल्या बटणांनी खेळ खेळण्याचे यंत्र. घरगुती वापराचा पहिला कन्सोल, मॅग्नाव्हॉक्सचा ‘ओडिसी’, १९७२ मध्ये अमेरिकेत आला. मराठवाड्यातल्या मध्यमवर्गीय घरांत हे यंत्र शिरले ते १९९० च्या दशकात, तेही बहुधा मूळ कंपनीच्या नावाशिवाय. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ मध्ये काढलेल्या ‘फॅमिकॉम’च्या स्वस्त नकला औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नांदेड, लातूरच्या दुकानांत ‘टीव्ही गेम’ म्हणून मिळत. कॅसेटवर हजारो खेळ छापलेले असत. प्रत्यक्षात मोजकेच खेळ फिरून फिरून येत. मारिओ, काँट्रा आणि रणगाड्यांचा ‘टँक’ एवढ्यावर उन्हाळ्याच्या सुट्ट्या निघाल्या.

कंट्रोलरला इथे सगळे रिमोटच म्हणत. त्याच्या डाव्या बाजूची अधिकचिन्हासारखी कळ गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या एका हातखेळण्यासाठी रचली होती. उजवीकडे ए आणि बी. नकलांमध्ये त्यांच्या जोडीला आपोआप गोळ्या झाडणारी टर्बो बटणे. बटणाखाली रबराची टोपी असते आणि तिच्या पोटात कार्बनची टिकली. बटण दाबले की टिकली सर्किटवरच्या दोन पट्ट्या जोडते. घाम आणि धूळ आत गेली की एखादेच बटण अडते; चार-पाच स्क्रू काढून पट्ट्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या की ते बहुधा पुन्हा चालते. सगळा रिमोटच बंद पडला तर दोष वायरीत शोधावा. तिच्यात पाचच तारा असतात आणि आठही बटणांची माहिती त्यांतल्या एकाच तारेतून एकामागून एक जाते. शेजारचा ओढून घेतो म्हणून वायर तुटते ती रिमोटच्या तोंडाशीच. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांनी ती तुटलेली वायर डाग देऊन जोडली, म्हणून ही यंत्रे इतकी वर्षे चालली. या खेळाच्या इतिहासात त्यांचे नाव आधी घ्यायला हवे.

बंदुकीने पक्षी मारण्याचा खेळ फक्त जुन्या काचेच्या टीव्हीवर चाले. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, पक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड टिपे. एलसीडी आल्यावर ती बंदूक निरुपयोगी झाली.

विजेचा प्रश्न मात्र मोठा होता. अ‍ॅडॅप्टर साधारण ९ व्होल्ट देई आणि आतली ७८०५ ही चिप ते ५ व्होल्टवर आणी. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडले की चिपला पुरेसे मिळत नसे आणि मारिओ उडी अर्धवट टाकून जागीच थिजे. लाईट गेली तर सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून, कारण या नकलांत काही साठवले जात नसे. घरात पोरे चार आणि रिमोट दोन, त्यामुळे ‘मेलास की रिमोट दे’ हा नियम सगळीकडे होता.

सोनीचा प्लेस्टेशन जपानमध्ये डिसेंबर १९९४ ला आला आणि मेमरी कार्डामुळे खेळ जिथे सोडला तिथून धरता येऊ लागला. त्याच्या १९९७ च्या ‘ड्युअलशॉक’ कंट्रोलरमध्ये अंगठ्याच्या दोन काड्या आणि कंपन दोन्ही होते. जिल्ह्याच्या ठिकाणी हे यंत्र तासावर खेळायला देणारी पार्लर निघाली. काडीखाली ती किती कलली हे मोजणारा, घासत फिरणारा पोटेन्शिओमीटर असतो. तो झिजला की हात न लावताही खेळाडू एका बाजूला सरकत राहतो. काही नव्या कंट्रोलरांत त्याऐवजी चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर असतो. त्यात घासणारा भाग नसल्याने ही झीज होत नाही.